गच्चीवरचा वारा मोजायचा कुठे?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या बाजूने गेलं, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेले. त्या दिवशी भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये कुणी गच्चीवर वातमापक लावला असता तर? आकडा कितीही आला असता. सगळं तो गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात लावला होता यावर.

जागतिक हवामान संघटनेचा दंडक सोपा आहे: मोकळी, सपाट जमीन, १० मीटर उंच खांब आणि आसपासचा प्रत्येक अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दहापट दूर. सात मजली इमारत साधारण २१ मीटर धरली, तर तिच्यापासून २१० मीटर लांब जायला हवं. इंद्रलोकमध्ये तेवढ्यात आणखी कितीतरी सोसायट्या लागतात!

मग गच्ची बरी, असं वाटतं. पण पावसाळी वारा पश्चिमेकडून येऊन भिंतीवर आपटतो, वर चढतो आणि कठड्यावरून सुसाट सुटतो. तिथून थोडं आत आलात की भोवरा. वारा चक्क उलटाही फिरतो. टाकी, जिन्याची खोली आणि पावसाळ्यासाठी ठोकलेली पत्र्याची शेड त्यात भर घालतात. वाट्यांच्या वातमापकाची आणखी एक खोड आहे. झोत आला की वाट्या झटकन वेग घेतात, ओसरला की सावकाश मंदावतात. त्यामुळे झोतांच्या वाऱ्यात सरासरी वेग जरा फुगतोच. इमारतीने ढवळलेली हवा तिच्या उंचीच्या दुपटीपर्यंत पोहोचू शकते. म्हणजे गच्चीवर आणखी २१ मीटरचा खांब! कुठली सोसायटी परवानगी देईल?

चांगल्या जागेसाठी उपकरणं गावसुद्धा बदलतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आलं. भाईंदरपुरतं बोलायचं तर मिठागरांचा सपाट, उघडा पट्टा कुठल्याही गच्चीपेक्षा उजवा. फक्त खाऱ्या हवेत बेअरिंग लवकर गंजतं, ते तपासत राहावं लागतं.

गच्चीवरचा वातमापक निरुपयोगी नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे तिथल्या पत्र्यांना काय सोसावं लागतं ते तोच सांगेल. मात्र सोसायटीच्या ग्रुपवर आकडा टाकताना खांबाची उंची आणि टाकीपासूनचं अंतर सोबत लिहा, आणि कुलाब्याशी तुलना करू नका.