इर्ल्याचं पाणी आणि उजवा कौल

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेला उतरून एस. व्ही. रोडने दक्षिणेकडे चालू लागलं की अंधेरी कुठे संपली आणि पार्लं कुठे लागलं हे कळायच्या आत इर्ला येतं. २०१२ सालच्या मार्चमध्ये इथल्या वेलंकणी मातेच्या चर्चपाशी गर्दी लोटली होती. क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं. लोक ते बाटल्यांत भरून नेत होते, कपाळाला लावत होते, काहीजण पीतही होते. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू एका वृत्तवाहिनीच्या आमंत्रणावरून तिथे आले. त्यांनी मूर्तीपेक्षा भिंतीकडे जास्त पाहिलं. जवळच स्वच्छतागृह होतं, त्याचं पाणी वाहून नेणारं गटार तुंबलं होतं. ते पाणी भिंतीत मुरत होतं, केशाकर्षणाने वर चढत होतं आणि खिळ्याच्या जागेतून पायांवर उतरत होतं.

खरं तर हे कोडं कुठल्याही अंधेरीकराने सोडवायला हवं होतं. ओल धरलेल्या भिंती आणि वरच्या मजल्याचं लीकेज यांवर आपल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये जितके तास गेले असतील, तितके दुसऱ्या कशावरही गेले नसतील. पण घरात गळती झाली की आपण प्लंबरला बोलावतो आणि क्रुसाखाली किंवा देव्हाऱ्यात झाली की बाटली घेऊन धावतो.

पुढचं प्रकरण जास्त गंभीर आहे. दूरचित्रवाणीवरच्या वादात एडामरुकूंनी चर्चवर चमत्कारांचा धंदा केल्याचा आरोप केला. भावना दुखावल्या म्हणून कॅथलिक संघटनांच्या लोकांनी मुंबईत तक्रारी केल्या. त्यांचा आधार होता भारतीय दंडसंहितेचं कलम २९५ अ, म्हणजे १९२७ सालचं इंग्रजी आमदानीतलं कलम. तेच आता भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने नांदतं आहे. त्याच वर्षी एडामरुकू फिनलंडला निघून गेले. वाहिनीवरची त्यांची भाषा बोचरी असेल, तिचा राग येऊ शकतो. पण गटार तुंबलं होतं की नव्हतं, या प्रश्नाशी भाषेचा काय संबंध?

गंमत अशी की चमत्कारावर पटकन विश्वास ठेवू नये, हे रोमच्या चर्चला कुणी शिकवायची गरज नाही. कुणाला संतपद द्यायचं झालं तर त्याच्याविरुद्ध जे जे बोलता येईल ते बोलणारा एक अधिकारी चर्चनेच नेमला होता. १५८७ साली पाचव्या सिक्स्टस पोपच्या काळात हे पद रूढ झालं. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली या पदाचं महत्त्व बरंच कमी केलं. फ्रान्समधल्या लूर्दला रोग बरे झाल्याच्या दाव्यांची छाननी करणारं वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून आहे. तिथे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. २०१८ पर्यंत त्यांतले ७० चमत्कार म्हणून मान्य झाले. त्या ७० बद्दलही वाद घालता येईल, पण उरलेल्या हजारोंना भाविकांच्याच संस्थेने ‘नाही’ म्हटलं, हे महत्त्वाचं. इर्ल्याच्या पाण्याला मुंबईच्या धर्मप्रांतानेही चमत्कार म्हणून जाहीर केलेलं नव्हतं. घाई गर्दीला होती.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. उपासना असो, नवस असो की तोडगा, त्याची तपासणी ते करणाऱ्यानेच करावी. तशी तपासणी करायच्या रीती आपल्या परंपरांकडे आहेत. आपण त्या अर्ध्यावर सोडतो, एवढंच.

तपासणी न करता धावलं की काय होतं, याला माहीमचं उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट २००६ च्या रात्री माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि हजारो लोक ते प्यायला धावले. पावसाळ्यात मिठी नदी गोडं पाणी भरभरून समुद्रात आणते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने काही काळ वरच तरंगतं. त्यात चमत्कार नाही, धोका मात्र भरपूर. ही नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघते आणि आपल्याच मरोळ-साकीनाक्याच्या अंगाने, कारखान्यांचं व वस्त्यांचं सांडपाणी पोटात घेत माहीमला पोचते. वर्षभरच आधी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा याच मिठीने घरंच्या घरं बुडवली होती. तिच्या पाण्यात काय असतं हे ज्यांनी अंगणात पाहिलं होतं, त्यांतलेही काहीजण त्या रात्री ओंजळी भरत असतील. महापालिकेने पिऊ नका म्हणून सांगितलं, तरी गर्दी हटेना.

इथवर सोपं आहे. पाणी, भिंत, गटार या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आहेत. कौल मात्र अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

अंधेरी-जोगेश्वरीच्या चाळींत आणि आता त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत कोकणातली असंख्य घरं आहेत. घर घ्यायचं, मुलीचं लग्न ठरवायचं, भावकीतला वाद मिटवायचा, तर गावच्या देवाला कौल लावल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. साधारणपणे उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गावागणिक रीत थोडी बदलते. या पद्धतीला हसणं सोपं आहे, पण तिच्यात तीन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. प्रश्न मोठ्याने, चार मानकऱ्यांसमोर विचारला जातो, म्हणजे मागाहून तो बदलता येत नाही. उत्तर हो किंवा नाही असंच येतं, गोलमोल येत नाही. आणि देव ‘नाही’ म्हणू शकतो, हे आधीच मान्य केलेलं असतं. पेपरातल्या राशिभविष्यात यांतलं एकही नाही. तिथे ‘प्रवासात काळजी घ्या’ म्हणतात आणि चर्चगेट लोकलने रोज जाणाऱ्याला ते रोज लागू पडतं.

मग बिघडतं कुठे? डावा कौल आला की घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, ‘‘गुरवांनु, परत एकदा लावून बघा.’’ कळी दोन्ही बाजूंना सारख्याच शक्यतेने पडते असं धरलं, तर एकदा लावल्यावर उजवा येण्याची शक्यता निम्मी. पण उजवा मिळेपर्यंत चार वेळा लावायची मुभा घेतली, तर एकदा तरी तो मिळण्याची शक्यता सोळांत पंधरा होते. म्हणजे उत्तर आपणच ठरवलेलं असतं, देवाची फक्त सही घ्यायची असते. शिवाय कळी पडते ती पाणी सुकलं की. ती कुठे किती ओली चिकटवली हे गुरवाच्या बोटांवर असतं. गुरव लबाड असायची काहीच गरज नाही.

हा शेवटचा मुद्दा मायकेल फॅरेडेने १८५३ साली लंडनमध्ये दाखवला. तेव्हा तिथे मेजाभोवती बसून आत्मे बोलावण्याचं खूळ होतं. मेज आपोआप फिरायचं. फॅरेडेने हात आणि मेज यांच्यामध्ये एकमेकांवरून घसरू शकतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले. आधी हात सरकतात आणि मागाहून मेज, हे त्यातून स्पष्ट दिसलं. बसलेली माणसं प्रामाणिक होती. आपण ढकलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. आपल्याकडे प्लँचेटवर वाटी फिरवणाऱ्या कितीतरी मध्यमवर्गीय बैठकांचं उत्तर याच प्रयोगात आहे. फसवणारा कुणी नसतानाही माणूस फसतो, हे ज्याला पटलं त्याचा साधकपणा मला जास्त भरवशाचा वाटतो.

कौलाला लावली तीच आकड्यांची कसोटी ज्योतिषाला लावून पाहण्याचं काम महाराष्ट्रातच झालं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ही चाचणी आखली. हुशार म्हणून गणलेल्या शंभर मुलांच्या आणि मतिमंद शंभर मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका जायच्या. कुठली कोणत्या गटातली एवढंच सांगायचं, आणि पास व्हायला २८ बरोबर यायला हव्या होत्या. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४ चा. सरासरी निम्म्याच्याही खाली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर आल्या. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ने हा अहवाल छापला. मला या चौघांतले घाटपांडे विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण ते स्वतः ज्योतिषाचा अभ्यास आणि व्यवहार केलेले गृहस्थ. ज्याला पत्रिका मांडता येते त्यानेच तिला प्रश्न विचारावेत, हे जास्त वजनदार ठरतं.

आणि हे काही पाश्चात्त्यांकडून आणलेलं वळण नाही. दासबोधात समर्थ गुरूची लक्षणं सांगायला बसतात तेव्हा आधी करामती दाखवणाऱ्या, चेटूक-मंत्र करणाऱ्या गुरूंना बाजूला काढतात, आणि प्रचितीशिवायचं बोलणं तर त्यांना मुळीच खपत नाही. योगसूत्रांत पतंजली सिद्धींचं वर्णन करतो आणि त्याच पादात त्या समाधीला अडथळा असल्याचंही सांगतो. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असं तुकोबांनी रोखठोक विचारलं. अंधेरी पूर्वेला ज्यांना आपण महाकाली गुंफा म्हणतो, ती कोंडिविट्याची बौद्ध लेणी. तिथे खडकात कोरलेला स्तूप गोल दालनात उभा आहे आणि त्या दालनाच्या भिंतीला जाळीदार खिडक्या आहेत. ज्या बुद्धाच्या नावाने तो कोरला, त्याने केसपुत्ताच्या कालामांना सांगितलं होतं की ऐकीव आहे, परंपरेचं आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावर काही मानू नका. कशातून हित होतं आणि कशातून अहित, हे स्वतः पडताळा.

यातलं काहीच लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या छोट्या कागदांना ठाऊक नाही. ‘बाबा बंगाली’, ‘वशीकरण’, ‘सौतन से छुटकारा’, ‘किया-कराया’, २४ तासांत गॅरंटी, खाली मोबाइल नंबर. हा धंदा कसा चालतो? समजा एखाद्या बाबाने शंभर गरोदर बायकांच्या घरी ‘मुलगाच होईल, नाहीतर पैसे परत’ असं सांगितलं. पन्नासेक घरांना मुलगा होतो, तिथले पैसे राहतात आणि ती घरं आयुष्यभर त्याचा प्रचार करतात. उरलेल्यांचे पैसे त्याने खरंच परत केले, तरी त्याचं काही जात नाही. उलट लोक म्हणतात, किती सच्चा माणूस! परत गेलेल्या पैशांची आणि गप्प बसलेल्या घरांची यादी कुणी मागत नाही. चिकित्सा म्हणजे ती यादी मागणं.

नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं रेटलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकमाने आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने आला. हा कायदा धर्मावर घाला घालतो असं सांगणाऱ्यांनी तो वाचलेला नसावा. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणं हे सगळं त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे, नंदीबैलवाला जोशीसुद्धा. पकडलं आहे ते इजा आणि लुबाडणूक. भूत उतरवतो म्हणून मारहाण, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, गर्भाचं लिंग बदलून देण्याचा दावा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दूरचित्रवाणीवरून ‘चमत्कारी’ यंत्रं विकण्याच्या जाहिरातीही याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या.

कायदा इजा आणि लुबाडणुकीपर्यंतच पोचतो. परत परत लावल्या जाणाऱ्या कौलावर, वाटीवर, पत्रिकेवर त्याचा इलाज नाही, आणि नसावाही. ते घरातलं काम आहे. दिवाळीनंतर गावी जत्रेला जाल, कौल लावाल, तर जरूर लावा. पण निघण्यापूर्वी प्रश्न एका कागदावर लिहा, तारीख घाला, किती वेळा लावणार तो आकडा लिहा, आणि आलेला कौल वर्षभराने खरा ठरला की खोटा हे त्याच कागदावर नोंदवा. डावा आला तर तोही. आणि कुणाला साप चावला असेल, तर गुरवाला फोन करण्याआधी रिक्षा कूपर हॉस्पिटलकडे वळवा.