पाळणाघरातील शिस्त आणि देखरेख : काही रूढ गैरसमज

2016 च्या नोव्हेंबरात पनवेल तालुक्यातील खारघर येथे एका पाळणाघरात अवघ्या 10 महिन्यांच्या बालिकेला सांभाळणाऱ्या स्त्रीने मारल्याचे, आपटल्याचे आणि लाथाडल्याचे चित्रण उघडकीस आले, तेव्हा नोकरदार आईबापांच्या काळजाचे पाणी झाले; परंतु तो क्षोभ ओसरल्यावर अशा तक्रारींविषयीचे लोकांचे समज जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

त्यांतील सर्वांत हट्टी समज असा की, भिंतीवर कॅमेरा बसवला म्हणजे देखरेख झाली. खारघरच्या त्या पाळणाघरात कॅमेरा होता आणि त्याने सारे इमानाने टिपलेही. तथापि त्या लेकराच्या अंगावर पडणारा एकही तडाखा त्यामुळे चुकला नाही, आणि प्रकरणाला वाचा फुटली ती मूल घरी गेल्यावर त्याच्या इजा आईबापांच्या नजरेस पडल्या म्हणून. यंत्र साक्ष देते ते सारे घडून गेल्यावर. घडत असताना मध्ये पडायला माणूसच लागतो. म्हणून चौकशी करणाऱ्या अंमलदाराने चित्रण ताब्यात घेऊन न थांबता, त्या वेळी खोलीत मुले किती होती, त्यांच्यावर माणसे किती होती, आणि मालक किंवा व्यवस्थापक कोठे होता, याचेही जबाब घेतले पाहिजेत.

दुसरा समज आपल्या घरातच जोपासला जातो. ‘ऐकत नसेल तर द्या एखादी चापटी’ असे सांभाळणाऱ्या मावशींना सांगून जाणारे पालक थोडे नाहीत, आणि पुढे तेच वाक्य संस्थेचा बचाव होऊन बसते. 10 महिन्यांच्या जीवाला शिस्त ती कसली लावायची, हा प्रश्न तर अलाहिदाच! शारीरिक शिक्षेची मनाई शाळेपुरती आहे, असेही मानले जाते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शाळेसाठी आहे हे खरे. परंतु 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 75 हे मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा कोणालाही लागू होते, आणि त्यात मारहाणीइतकीच हेतुपुरस्सर हेळसांडही मोडते. मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक क्लेश होण्याचा संभव असला तरी पुरे. अंगावर वळ उठलेच पाहिजेत, अशी अट नाही.

संस्थेने कामावरून एका बाईला काढले की प्रकरण मिटले, ही समजूतही अशीच सोयीची आहे. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेचा नोकर असो वा तिचा कारभार पाहणारा, त्याच्याकडून हा गुन्हा घडल्यास त्याच कलमान्वये 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खारघर प्रकरणात संचालिकेलाही अटक झाली होती. तुटपुंज्या पगारावर, कसलेही प्रशिक्षण न देता जिच्या अंगावर मुले टाकली जातात, तिचा गुन्हा क्षम्य ठरत नाही. पण तिला तेथे नेमणाऱ्याचा कसूर त्यामुळे झाकलाही जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंतीवर टांगलेल्या नोंदणीच्या कागदावरही पालक भाबडेपणाने विसंबतात. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी धंदा कोणाचा व कोठे आहे हे सांगते, मुले कशी सांभाळली जातात ते सांगत नाही. आणि बाल न्याय अधिनियमातील सक्तीची नोंदणी निवासी बालगृहांसारख्या संस्थांसाठी असून, मुले दिवसापुरती ठेवून घेणारी खाजगी पाळणाघरे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

राहिला पुराव्याचा प्रश्न. बोलता न येणाऱ्या मुलाची तक्रार टिकत नाही, आणि आधी पुरावा जमवल्याशिवाय पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, हे दोन्ही समज निराधार आहेत. मुलाची वाचा नसली तरी वैद्यकीय तपासणीचा दाखला असतो, चित्रण असते, सोबतच्या कामगारांचे जबाब असतात. पुरावा गोळा करणे हे तपासाचेच काम आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास तिची नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात ठरवून दिले आहे. शेजाऱ्यालाही 1098 या क्रमांकावर कळवता येते. मात्र कॅमेऱ्याच्या साठ्यावर जुने चित्रण पुसून नवे चढत जाते. यास्तव शंका येताच मुलाला सरकारी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी पाळणाघराकडे करून तिची पोच घ्यावी.