उपरोधाचे वाचन आणि संगणक

मे महिन्यात ‘जळगाव म्हणजे महाबळेश्वरच!’ असे कोणी लिहिले, तर खानदेशातील वाचकास त्यातील उपरोध समजावून द्यावा लागत नाही. संगणकास मात्र या वाक्यात निंदेचा एकही शब्द सापडत नाही. वाच्यार्थ स्तुतीचा आणि अभिप्रेत अर्थ त्याच्या उलट, ही आपल्या काव्यशास्त्रातील विपरीतलक्षणा होय.

मुंबईच्या आय.आय.टी.तील आदित्य जोशी, पुष्पक भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी २०१५ साली इंग्रजीतील उपरोध ओळखण्यासाठी विसंगतीचा आधार घेतला. ‘दोन तास रांगेत ताटकळणे मला फार आवडते’ यासारख्या विधानात ‘आवडणे’ अनुकूल, ‘ताटकळणे’ प्रतिकूल. हा विरोध यंत्रास मोजता येतो. महाबळेश्वराच्या वाक्यात विरोध शब्दाशब्दांत नाही, तो वाक्य आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन यांच्यात आहे.

पेच जुनाच आहे. ‘गाथासप्तशती’तील एक गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त उदाहरणादाखल घेतली. गोदाकाठच्या संकेतस्थळी (हा शब्द येथे जुन्या अर्थाने) फिरकणाऱ्या धार्मिकास नायिका सांगते की, आता खुशाल हिंड, त्या कुत्र्याला सिंहाने मारले आहे. वाच्य विधी, व्यंग्य निषेध. हा उपरोध नव्हे. परंतु सिंह कुत्र्याहून भयंकर, हे ज्ञान शब्दांबाहेरून आणावे लागते, ते येथेही.

बोलताना काकू साहाय्यास येतो. लेखनात ‘शहाणाच आहेस’मधील ‘च’ किंवा एखादे ‘म्हणे’ एवढीच खूण उरते, आणि तीही निश्चित नाही. अहिराणीत अडचण आणखी वाढते. तेथील ‘शे’ म्हणजे ‘आहे’. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र त्यास शंभराचा ‘शे’ समजण्याचा संभव आहे.

पुण्यातील एल३क्यूब गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्विटांचा भावनिर्देशित संग्रह सिद्ध केला. त्यात अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ असे तीन वर्ग आहेत. उपरोधास स्वतंत्र वर्ग नाही. अशा संग्रहात उपरोधिक स्तुती कोठे पडेल, हे निर्देशकाच्या वाचनावर ठरते. त्याला खानदेश अपरिचित असेल, तर नागरिकाची तक्रार समाधान म्हणून नोंदली जाईल, आणि यंत्र तेच शिकेल. म्हणून खानदेशी मजकुरावर जळगाव-धुळ्याच्या किमान दोन वाचकांनी स्वतंत्रपणे खुणा कराव्यात, आणि त्यांचा मतभेद झाल्यास तो पुसून न टाकता तसाच नोंदवावा.