वाकवलेल्या लाकडाचा मंडप

लाकडाची पट्टी किती वाकेल हे आधी तिच्या जाडीवर ठरते. वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. ६ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची पट्टी १ मीटर त्रिज्येत वळवली, तर बाहेरचा थर जेमतेम ०.३ टक्के लांबतो. एवढे लाकूड सोसते. जाडी १२ केली की ताण दुप्पट होतो आणि पट्टी कडकन मोडण्याची भीती असते.

या हिशेबावर जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठाने २०१० मध्ये एक प्रायोगिक मंडप उभारला. त्यात साडेसहा मिलिमीटर जाडीचे बर्च प्लायवूड आणि वेगवेगळ्या आकारांचे ५०० हून अधिक भाग होते. व्यास १० मीटरच्या पुढे. एका पट्टीचा ताणलेला भाग शेजारच्या पट्टीचा बाक धरून ठेवतो, ही त्यातली खरी कल्पकता. जोड एका रेषेत येऊ दिले नाहीत, नाहीतर तिथेच कमजोर पट्टा तयार झाला असता.

असा मंडप पिंपरी-चिंचवडमध्ये करायचा, तर पहिली नजर चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पॅकिंगच्या पाइनवर जाते. निर्यातीच्या लाकडावर कीड मारण्यासाठी गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याचा ‘एचटी’ शिक्का असतो. पण लाकूड मऊ व्हायला ही उष्णता पुरत नाही. त्यासाठी १०० अंशांच्या आसपासची वाफ लागते. शिवाय गाठ आली, की फळी तिथेच तुटते. त्यामुळे पाइन साच्यांसाठी ठेवावे आणि कमानींसाठी उकळत्या पाण्यातही न सुटणारे, आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड घ्यावे, हे बरे.

जाड कमान हवी असेल, तर या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांना ठाऊक असलेले ट्रकचे पाटे आठवावेत. पाटे एकमेकांवर सरकतात, म्हणून लवचीक राहतात. ओला सरस लावलेल्या चार पातळ पट्ट्याही साच्यावर अशाच सरकत वळतात. सरस वाळला, की त्यांचे सरकणे थांबते आणि सुट्या चार पट्ट्यांच्या १६ पट ताठपणा येतो.

सर्वांत मोठी काळजी वाऱ्याची. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो. साडेसहा मिलिमीटरच्या प्लायवूडचे वजन मात्र चौरस मीटरला ४-५ किलोच. वळवाच्या झोतात असे कवच कोसळण्याआधी उचलले जाईल. म्हणून पाया वजन पेलण्यापेक्षा मंडप खाली धरून ठेवण्यासाठी आखावा लागतो. पट्ट्यांची टोके जमिनीपासून वर, लोखंडी पायात बसवावीत. कापलेल्या कडा सीलबंद कराव्यात, कारण पावसाचे पाणी आधी तिथूनच शिरते.