टपाली मत बाद का होते?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात मतदान यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत मात्र रवींद्र वायकर यांना १,५४९ आणि कीर्तिकरांना १,५०० मते मिळाली. वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद झालेल्या टपाली मतपत्रिका होत्या १११. विजयाच्या फरकापेक्षा बाद टपाली मते जास्त भरली, की ती सगळी पुन्हा तपासावी लागतात. इथेही ती तपासली गेली. निकाल तोच राहिला. यंत्रावर बटण दाबले, की मत बाद होण्याचा प्रश्नच उरत नाही. कागदावरचे मत मात्र मतदाराने मनापासून दिलेले असूनही बाद होऊ शकते. असे का, हे समजून घ्यायचे तर त्या कागदाचा प्रवास पाहावा लागतो.

आपल्याकडे टपाली मतदान सरसकट सगळ्यांना खुले नाही. सैन्यदलांतले सेवा मतदार, निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी, ८५ वर्षांवरील नागरिक, ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार आणि अत्यावश्यक सेवेतले काही कर्मचारी अशा ठरावीक गटांनाच ती सोय आहे. ज्येष्ठांसाठीची वयोमर्यादा आधी ८० होती. मार्च २०२४मध्ये ती ८५ झाली. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला यादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला स्वतः गावी यावे लागते.

टपालाने येणाऱ्या मतात दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. मत खऱ्या मतदाराचेच आहे याची खात्री हवी, आणि ते कोणाला दिले हे कोणालाही कळता कामा नये. मतदान केंद्रावर या दोन गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर होतात: एकीकडे ओळख पटवतात, दुसरीकडे आडोशाला यंत्र असते. टपालात हे काम दोन पाकिटे करतात. खूण केलेली मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते चिकटवायचे. सोबत घोषणापत्र भरायचे. त्यावर मतदाराची सही, मतपत्रिकेचा अनुक्रमांक आणि अधिकृत व्यक्तीचे साक्षांकन लागते. मग घोषणापत्र आणि लहान पाकीट दोन्ही मोठ्या पाकिटात घालायचे. मतमोजणी सुरू होण्याच्या वेळेपर्यंत हे पाकीट पोचलेच पाहिजे. उशिरा आलेले उघडलेच जात नाही.

मोजणीच्या टेबलावर आधी मोठे पाकीट उघडतात आणि घोषणापत्र तपासतात. ते नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर लहान पाकीट न उघडताच मत बाद होते. योग्य ठरलेली घोषणापत्रे वेगळ्या पाकिटात मोहोरबंद केली जातात आणि त्यानंतरच लहान पाकिटांना हात लागतो. म्हणजे मतपत्रिका बाहेर येते तेव्हा मतदाराच्या नावाचा कागद टेबलावर नसतो. पुढे दोन उमेदवारांपुढे खुणा असतील, एकही नसेल किंवा मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले असेल, तर ती मतपत्रिकाही बाद होते.

नियमांचा हा जाच ओळखीची खात्री आणि गुप्तता या दोन्हींसाठी आहे. तक्रार वेगळीच आहे: चूक कागदपत्राची आणि शिक्षा मताला. शिवाय मतदाराला आपले मत बाद झाल्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी शंका दबावाची. मतपत्रिका अनेक दिवस हातात राहिली, तर घरात, कार्यालयात किंवा एखाद्या पुढाऱ्यापुढे ती भरून घेतली जाऊ शकते. म्हणून २०२३मध्ये नियम बदलला. निवडणूक कर्मचाऱ्यांनी मतपत्रिका घरी न नेता सुविधा केंद्रातच मतदान करायचे, असे ठरले. साक्षांकन करणारा अधिकारी तिथेच असल्याने सही राहून जाण्याचा धोकाही कमी झाला. ज्येष्ठ आणि अपंग मतदारांनी ‘१२ डी’ अर्ज भरला, तर मतदान पथक घरी येते; चित्रीकरण होते, पण खूण करताना गुप्तता पाळली जाते. भेटीचे वेळापत्रक उमेदवारांना आधी कळवतात. मात्र अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांतच द्यावा लागतो, आणि तो मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

सेवा मतदारांना २०१६पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळते. त्यामुळे टपालाची एक फेरी वाचली; भरलेली पत्रिका मात्र आजही टपालानेच परत येते. सीमेवरच्या जवानाला साक्षांकन, क्रमांक आणि पाकिटे हे सगळे स्वतःच सांभाळावे लागते. सुविधा केंद्रात कर्मचाऱ्याला शेजारी मदत मिळते, तशी त्याला मिळत नाही. टपाली मतदान न्याय्य करायचे, तर पाकिटे कमी करून भागणार नाही. ती बंद होण्याआधी कोणीतरी जाणकाराने घोषणापत्रावर नजर टाकली पाहिजे.