ब्राउझर घ्या, पण सर्व्हर कुठे ते विचारा

रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की दोन जातींतून निवड करावी लागते. एक, प्रत्येक संगणकावर वेगळे इन्स्टॉल करायचे. दुसरे, कोणत्याही संगणकावर ब्राउझर उघडून लॉगिन केले की चालणारे. केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट, बिल ही कामे दोन्हींत होतात. माझ्या मते केसपेपरची खिडकी, वॉर्ड, औषध विभाग आणि बिलिंग यांसाठी ब्राउझरवरचेच घ्यावे. कारण खर्चाचे आहे, आणि हा खर्च खरेदीच्या वेळी दिसत नाही. तीनशे संगणक असतील तर सॉफ्टवेअरमधला प्रत्येक बदल तीनशे ठिकाणी पोचवावा लागतो, आणि वॉर्डातला संगणक रात्रंदिवस वापरात असल्याने मोकळा सापडत नाही. अपडेट आपोआप होण्याची सोय असते हे खरे. पण ते एखाद्या संगणकावर अडले तर ते शोधायला माणूस धाडावाच लागतो. त्यात संगणकाची मूळ प्रणालीही बदलत राहते. विंडोज ७साठी नियमित अपडेट मिळणे जानेवारी २०२० मध्ये संपले, विंडोज १०साठी ऑक्टोबर २०२५ मध्ये. सॉफ्टवेअर ज्या तंत्रात लिहिले, तेही जुने होते. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत चालणाऱ्या एपिक या सॉफ्टवेअरचा डॉक्टरांसमोरचा भाग व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या तंत्रात लिहिलेला होता. तो मागे टाकून कंपनीने क्रोमियम या ब्राउझरच्या गाभ्यावर नवा भाग बांधला. गंमत म्हणजे तोही संगणकावर इन्स्टॉलच करावा लागतो! प्रिंटर, स्कॅनर यांच्याशी बोलायला काहीतरी जागेवर लागतेच.

ब्राउझरवरच्या सॉफ्टवेअरला पहिला आक्षेप येतो तो खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांकडून, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरवर त्यांचे काम असे चालते: नाव, वय, गाव, मोबाइल, विभाग. प्रत्येक रकान्यानंतर टॅब, शेवटी एंटर, की केसपेपर छापून बाहेर. सवयीचा हात माउसला शिवतही नाही. ढिसाळ वेब सॉफ्टवेअरमध्ये मध्येच माउस धरावा लागतो, पान पुन्हा लोड होते आणि दर वेळी छपाईची चौकट उघडून ‘प्रिंट करायचे का’ असे विचारते. सकाळच्या ओपीडीत रांग वाढायला एवढे पुरते. पण हा दोष बांधणीचा आहे. सगळे काम कीबोर्डवर होईल असे वेब पान बनवता येते, आणि न विचारता छापण्याची सोयही क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये चालू करता येते. एक सावधगिरी मात्र हवी: एकाच ब्राउझरच्या खास सोयींवर बेतलेले सॉफ्टवेअर नको. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, आणि केवळ त्याच्यावर चालणाऱ्या प्रणाली अडचणीत आल्या.

‘इंटरनेट गेले तर?’ हा दुसरा आक्षेप. तो रास्त आहे, पण वेब म्हणजे इंटरनेट हे समीकरण चुकीचे आहे. सर्व्हर रुग्णालयाच्याच इमारतीत असेल तर बाहेरची लाइन तुटली तरी आतले काम चालते. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात प्रथम वापरात आलेली बहमनी ही ब्राउझरवरची प्रणाली लाइनचा भरवसा नसलेल्या, कमी साधनांच्या ठिकाणांसाठी घडवलेली आहे. उलट, इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची माहिती दूरच्या सर्व्हरवर असेल तर लाइन तुटल्यावर तेही ठप्प होते.

सुरक्षेच्या बाबतीतही समोरचे सॉफ्टवेअर कोणत्या जातीचे, एवढ्याने सारे ठरत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि अनेक दिवस नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती, आणि नेटवर्कची विभागणी नीट नसल्याने हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. घाव सर्व्हरवर होता. समोर ब्राउझर आहे की आणखी काही, याने फरक पडला नसता. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात मात्र इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेचे, वेळेवर अपडेट न केलेले विंडोज संगणक सापडले. तिच्या २३६ ट्रस्टपैकी, म्हणजे रुग्णालये आणि इतर सेवा चालवणाऱ्या संस्थांपैकी, किमान ८१ संस्थांना झळ बसली. ब्राउझर विंडोजवरच चालतो, तेव्हा तो अशा हल्ल्यापासून वाचवत नाही. पण ज्या संगणकावर ब्राउझरखेरीज काहीच नाही, तो पुसून पुन्हा कामाला लावणे सोपे.

क्ष-किरण विभागाला मात्र मी ब्राउझरचा हा नियम लावणार नाही. सीटी स्कॅनची ५१२ गुणिले ५१२ बिंदूंची एक प्रतिमा साधारण अर्धा एमबी भरते. सहाशे प्रतिमांचा एक तपास म्हणजे तीनशे एमबी. वॉर्डातल्या डॉक्टरला त्यांतल्या दोन-चार ब्राउझरमध्ये पाहून भागते. दिवसभर त्या पुढेमागे सरकवून निदान करणाऱ्या तज्ज्ञाला खास मॉनिटर आणि संगणकावर इन्स्टॉल केलेले सॉफ्टवेअर द्यावे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांना जोडलेल्या संगणकांचेही तेच.

तेव्हा खरेदी समितीवर असाल तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्याला इंटरनेटची केबल काढायला सांगा आणि त्यानंतर एक केसपेपर, एक रक्ततपासणी आणि एक डिस्चार्ज करून दाखवायला लावा. जमले नाही, तर छापील फॉर्म कुठे ठेवायचे आणि त्यांवरच्या नोंदी नंतर संगणकात कोण चढवणार, हे करारात लिहून घ्या.