गाभण मेंढीला नुसते वाढे नकोत



शिरूर-दौंड भागात ऊसतोड सुरू झाली की मेंढ्यांपुढे वाढे पडतात. पोट भरते, पण वाढ्यांत प्रथिने कमी. शिवाय त्यातील ऑक्झलेट वैरणीतला चुना (कॅल्शियम) अंगी लागू देत नाही. मेंढी पाच महिने गाभण असते आणि पोटातले कोकरू खरे वाढते ते शेवटच्या दीड महिन्यात. तेव्हा खुराक तुटला तर कोकरू हलके जन्मते, चीक व दूध कमी उतरते. पहिला महिना तर कोकराची सारी वाढ आईच्या दुधावरच.

म्हणून विण्याआधी दीड महिना व नंतर महिनाभर वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा. जोडीला शेवरी, लसूणघास किंवा थोडी शेंगदाणा पेंड द्या. जुळे असल्यास जास्त द्या. पेंड मात्र हळूहळू वाढवा, एकदम दिल्यास पोट बिघडते.